पांढरी वायर

सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, अंडी-मटण चालतं का हेही विचारलं नाही. मी दारात उभी असतानाच त्यांनी विचारलं, "वजन किती हाय?"

नांदेडात खोली शोधत मी तोवर सहा घरं पालथी घातली होती. लातूरहून आलेली, सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, विष्णुपुरीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी. बाकीच्या घरमालकांनी वडिलांची नोकरी, परतायची वेळ, कोण कोण भेटायला येणार, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. वजन कुणीच विचारलं नव्हतं. मी गडबडले आणि खोटं बोलले.

"बावन्न."

"बास. खोली तुमची."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, नाव तरी विचारा त्या पोरीचं. का आता बावन्न म्हणूनच हाक मारायची?"

सर आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवून रिटायर झाले होते. घरात बैठकीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली काकूंना शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ आणि त्याखाली, भिंतीला टेकून, सरांची सायकल. सोफ्यावर पाहुणे बसले तरी सायकलीची जागा हलत नसे. पाहुणेच जरा सरकून बसत. जुनी काळी जेन्ट्स सायकल होती ती. मागच्या चाकात मोटर, मधल्या दांड्याखाली लाकडी पेटीत बॅटरी आणि हँडलवर पिठाच्या गिरणीत असतो तसला गोल, मोठा काटेवाला अँपिअर-मीटर. हँडलच्या टोकाला लाल लोकरीचा धागा बांधलेला. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून असेल. सर दुखावले.

"मॅडम, तुम्ही इलेक्ट्रिकल शिकवता का ज्योतिष? वारा बगायचा धागा हाय त्यो."

पहिल्याच रविवारी त्यांनी मला सायकलीवर बसवून गोदावरीच्या पुलाच्या चढावर पाठवलं. माझं काम एवढंच, की पायडल मारायचं नाही आणि काटा कुठं जातो ते बघून यायचं. मी आले, आकडा सांगितला. सरांनी पाठकोऱ्या कागदावर गणित केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि गल्लीतल्या चार बायका ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या वजनात सहा किलोची तफावत येऊन राहिली."

खोटं नव्हतं. मी अठ्ठावन्न किलोची होते. चढ आणि मीटर, दोघांनी मिळून मला पकडलं होतं. मी खोली सोडायच्या विचारात होते, पण काकूंनी ताटलीभर चुरमुऱ्यांचा सुशीला पुढं केला आणि म्हणाल्या, "मनावर नको घेऊ. माझंबी असंच धरलं होतं त्यांनी, लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात. तवा तर मीटरबी नव्हता."

सर रस्त्यानं निघाले की लोक बघत उभे राहत. कोपर पोटाला चिकटवलेले, हनुवटी जवळजवळ हँडलवर, डोक्याला टॉवेल इतका घट्ट आवळलेला की भुवया वर ताणल्या जायच्या. शर्ट फडफडला की तो हवा धरतो आणि हवा धरली की स्पीड जातो, म्हणून शर्टावरून कमरेला आणि छातीला दोन रबरी पट्ट्या. ट्यूब कापून केलेल्या. सायकल चालवून बघणाऱ्या मेहुण्याला त्यांनी सांगितलं होतं, की मिशा काढल्यास तर तासाला अर्धा किलोमीटर वाढेल. मेहुण्यानं खरंच काढल्या. मी विचारलं, "सर, खरंच एवढा फरक पडतो?" तर म्हणाले, "छे! एवढ्यातेवढ्यानं काय व्हतंय. पन त्या मिशा मला लग्नापासून आवडत न्हवत्या."

एका प्रश्नानं मात्र ते हटकून पेटायचे. सिग्नलला कुणीतरी मोटरसायकलवाला कौतुकानं विचारायचा, "काका, किती पळते?" बिचाऱ्याला वाटायचं, एक आकडा मिळेल आणि हिरवा दिवा लागेल. सर सायकल स्टँडला लावायचे.

"किती पळते म्हंजे? कुनाला घिऊन? कुठल्या रस्त्यानं? वारा तोंडावर का पाठीवर?"

मागचे हॉर्न वाजवायचे. सर शिकवत राहायचे. मोटरीत तारेचे वेढे किती, बॅटरी किती व्होल्टची, चाक केवढं, हे पक्कं असलं की मोटरीचा मोकळा वेग ठरतो. चाक हवेत उचलून धरलं तर ती तेवढी फिरेल. पण जमिनीवर टेकवली की माणसाचं वजन आलं, चढ आला आणि सगळ्यात वाईट म्हणजे हवा आली. "स्पीड दुप्पट करा, हवा आठपट ताकद मागती. आठपट! सावकार बरा." तोवर मोटरसायकलवाला लाल दिवा तोडून पळालेला असायचा.

मोटरीचा वेग अमुक एका आकड्याला पोचून वाढायचा का थांबतो, हे मी कॉलेजात दोन सत्रं फळ्यावर शिकवलं होतं. सूत्र लिहायचं, चौकट करायची, पुढचा धडा. ते कळलं सरांच्या ओट्यावर.

"मोटर फिरली की ती सोता वीज तयार करती. पन उलटी. बॅटरी हिकडून ढकलती, मोटर तिकडून आडवी येती. जेवढी जोरात फिरंल, तेवढी जास्त आडवी येती. शेवटी दोघी बरोबरीला आल्या, की स्पीड वाढायचा थांबला. आता आमच्या घरातच बगा. मी छत्तीस व्होल्ट, ही छत्तीस व्होल्ट. म्हून चाळीस वर्सं घर एका स्पीडला चालू हाय."

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आन ह्यात भार कोन ओढतंय, ते सांगा की मॅडमला."

हे वेड आलं कुठून, ते एकदाच बोलले. त्यांचे वडील हदगावला जिनिंगमध्ये कामाला होते. सरकी आणि कापूस वेगळा करणाऱ्या त्या मशिनी एकाच इंजिनावर, लांबलचक पट्ट्यांनी फिरायच्या. इंजिन एक, पण कुठलं चाक हळू, कुठलं सुसाट. सरांनी बापाला विचारलं, असं कसं? बापाला माहीत नव्हतं. त्यानं फोरमनला विचारलं, तर फोरमन म्हणाला, तुझ्या पोरानं कशाला त्याची चौकशी करायची, त्याला झाडायला लाव. "बापानं मला झाडायला न्हाई लावलं. दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन बशीवलं," सर म्हणाले आणि उठून सायकलीच्या चेनला उगीच तेल घातलं.

बालाजी हा सरांचा आयटीआयमधला विद्यार्थी. त्यानं इलेक्ट्रिक सायकलींचं दुकान काढलं तेव्हा उद्घाटनाला सरांना बोलावलं. काकू आणि मीही गेलो. फीत कापून झाली, पेढे झाले, आणि 'सरांनी दोन शब्द बोलावेत' असं कुणीतरी म्हणालं. दोन शब्द बोलणं सरांना जमणाऱ्यातलं नव्हतं. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, दुकानातल्या कोऱ्या सायकलीचा कंट्रोलर उघडला आणि आतली एक पांढरी वायर बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवली.

"ही सायकल पंचवीसच्या वर जात न्हाई. का? मोटरीत दम न्हाई म्हून? न्हाई. ह्या वायरीमुळं. पंचवीसच्या आत राहिली की लायसन नगं, नंबर नगं, म्हून कंपनीनं तिला बांधून ठिवलीय. ही वायर सोडली, की मोटर मोकळी. मग तिचा खरा स्पीड बगा!"

आणि त्यांनी चाक उचलून धरून, वायर सोडून, ते घूंऽऽ करत फिरवून दाखवलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या आठवणीत मी जरा जास्तच वाजवल्या.

दोन महिन्यांनी बालाजीच्या दुकानात ती वायर सोडून देणं हा रिवाजच झाला होता. सायकलीसोबत बेल, कुलूप आणि मोकळा स्पीड.

रझाकभाई घडीसाज. जुन्या बाजारात एका पायरीवर काचेची पेटी, पेटीत घड्याळं, पेटीमागं रझाकभाई, डोळ्याला भिंग. वय साठीचं. राहायला नदीपलीकडं. सायकल त्यांनीही बालाजीकडूनच घेतली होती आणि पहिले काही दिवस पंचवीसवर सुखी होते. पण रोज सकाळी पुलावर त्यांच्याच मोहल्ल्यातला एक ऑटोवाला शेजारून जाताना मान बाहेर काढून ओरडायचा, "चाचा, उतर के ढकेलूं क्या?" रझाकभाईंनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग बालाजीकडं जाऊन म्हणाले, "जरा तेज कर दे बेटा." बालाजीनं वायर सोडली.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या उतारावर रझाकभाईंनी ऑटो मागं टाकला. एवढ्यावर भागलं असतं. पण मागं टाकल्यावर त्यांनी वळून, उजवा हात उचलून, ऑटोवाल्याला सलाम केला. समोर केळ्यांचा हातगाडा होता. एका हातानं दाबलेला ब्रेक लागला, पण जिथं लागायला हवा होता तिथं नाही. अर्धापूरच्या केळ्यांनी रझाकभाईंचं डोकं वाचवलं. मनगट नाही वाचवलं. दवाखान्यात त्यांना त्याच ऑटोवाल्यानं नेलं, आणि तो वाटभर रडत होता म्हणे.

उजवं मनगट. घडीसाजाचं.

बातमी आली तेव्हा सर जेवत होते. हात धुतला नाही. तसेच उठून दवाखान्यात गेले. मी मागून पोचले तर तिथं एक अजब भांडण चाललेलं होतं.

"चूक माझी हाय," बालाजी म्हणत होता. "वायर मी सोडलो."

"अरे, पर बोला कौन? मैंच बोला ना तेरे को! और सलाम किसने किया? मेरेच हात ने ना?" रझाकभाई प्लास्टरातला हात उचलून साक्षीला देत होते.

"अन् चाचाला चिडवलो कोन?" ऑटोवाला.

"गप बसा सगळे!" सर ओरडले, तशी नर्सही गप्प झाली. "वायर दाखीवली कुनी? मोकळा स्पीड बगा म्हून टाळ्या कुनी घेतल्या? हवा सांगितली, वेढे सांगितले, चाक सांगितलं. ब्रेकचा एक शब्द तरी बोल्लो का मी? पंचवीसचा पस्तीस केला की थांबायला दुप्पट जागा लागती, हे मला ठावं न्हवतं का?" मग आवाज खाली आला. "ठावं व्हतं. टाळ्या पडायल्या व्हत्या म्हून ऱ्हाऊन गेलं."

सरांना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसं बघितलं नाही. पस्तीस वर्षं पोरांना 'तुझं चुकलं' म्हणत आलेला माणूस खुर्ची ओढून रझाकभाईंच्या पायथ्याशी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर जुन्या बाजारातल्या पायरीवर हजर. शेजारी गळ्यात हात अडकवलेले रझाकभाई. दुरुस्तीला आलेली घड्याळं तुंबणार, गिऱ्हाइकं दुसरीकडं जाणार, हे उघड होतं. सरांनी जाहीर केलं, की हात रझाकभाईंचा बरा होईपर्यंत हात माझा, डोकं त्यांचं.

हात मात्र सरांचा म्हणजे हात. मोटरी गुंडाळून, जाड तारा वाकवून झालेला. पहिल्याच दिवशी त्यांनी एका बाईच्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग उडवली. ती समोरच्या अत्तरवाल्याच्या दुकानात सापडली.

"सर, सांस मत लो," रझाकभाई सांगायचे.

"किती वेळ?"

"जब तक मैं नहीं बोलता."

गिऱ्हाइकं विचारायची, "नवीन माणूस ठेवला का भाई?" आणि रझाकभाई गंभीरपणे सांगायचे, "हाँ, ॲप्रेंटिस है. अभी कच्चा है." शेकडो ॲप्रेंटिस नापास केलेले सर भिंगामागचा डोळा न उचलता म्हणायचे, "व्हय. शिकून राहिलो." सेल बदलणं, पट्टा बसवणं, काच घासणं एवढं त्यांना महिनाभरात जमायला लागलं. जे जमत नव्हतं ते रझाकभाई पेटीत एका बाजूला ठेवून द्यायचे. ती बाजू रोज भरत होती.

दुपारी पेटी बंद करून सर बालाजीला घेऊन निघायचे. बालाजीनं सत्तावीस सायकलींच्या वायरी सोडल्या होत्या. त्या सगळ्या परत जोडायच्या, असा हुकूम. बालाजी आधी कुरकुरला. "सर, लोक मला मारतील. पस्तीसच्या स्पीडवर इकलो मी त्या सायकली." सर म्हणाले, "मारू दे. मी बाजूला हाय. अर्धा मार माझा."

लोकांनी मारलं नाही, पण ऐकलंही नाही. एक लॅबवाला होता, घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेणारा. तो म्हणाला, "माझी सायकल, माझी मर्जी. मला ब्रेक शिकवू नका, दहा वर्षं झाली सायकल चालवून." सरांनी वाद घातला नाही. काकूंनी दिलेला जेवणाचा डबा पिशवीतून काढला आणि रस्त्याच्या मधोमध ठेवला. मग त्याला लांब पाठवलं आणि सांगितलं, "फुल्ल स्पीडनं या. मी हात वर केला की ब्रेक. डब्याच्या आत थांबलात तर जातो, परत तोंड दाखवनार न्हाई."

डब्याचा चपटा पत्रा झाला. मेथीची भाजी चाकाला लागून गल्लीभर गेली. लॅबवाला पुढं जाऊन थांबला, वळून बघितलं आणि सायकलीवरून उतरून त्या पत्र्यापाशी आला. मग म्हणाला, "तिथं डबाच होता ना?"

"आज डबा व्हता," सर म्हणाले. बालाजीनं वायर जोडली.

त्या पंधरवड्यात काकूंचे सात डबे गेले. आठव्या खेपेला काकूंनी भाकरी कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाल्या, "आता ह्याच्यावरनं सायकल घाला, चपटीच हाय." सत्तावीसपैकी तेवीस वायरी जोडल्या गेल्या. चारजणांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही. त्यातला एक तर डब्याच्या आत थांबला होता. सर दिलेल्या शब्दाला जागले, त्याच्याकडं परत गेले नाहीत, पण त्याची गल्ली आली की तोंड फिरवायचे.

प्लास्टर निघालं. मनगट वळत होतं, पण पूर्वीसारखं नाही. भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचं घड्याळ रझाकभाई पुन्हा करायला लागले. बायकांच्या छोट्या घड्याळात चिमटा गेला की हात थरथरायचा. डॉक्टरांनी सांगितलं, एवढंच येणार. पेटीची ती भरलेली बाजू रझाकभाईंनी एकदा सरांपुढं सरकवली, आणि पायरीवरून उठून अत्तरवाल्याकडं जाऊन उभे राहिले, पाठ करून. सरांनी भिंग लावलं. सहा महिन्यांनी मी बघितलं तेव्हा सर बायकांची घड्याळं करत होते. सावकाश, श्वास रोखून, चारातलं एक बिघडवत. 'हात बरा होईपर्यंत' ही मुदत कधी संपली, ते दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही.

मला लातूरला कायमची नोकरी लागली. निघायच्या आदल्या सकाळी रझाकभाई घरी आले. बैठकीत सायकलीशेजारी उभे राहून म्हणाले, "सर, मेरी गाडी?"

त्यांची सायकल अपघातापासून सरांच्या मागच्या शेडमध्ये होती. सर म्हणायचे, काम चालू आहे. काम केव्हाच झालं होतं, हे मला माहीत होतं. पांढरी वायर त्यांनी नुसती जोडली नव्हती, डाग देऊन वर लाख ओतली होती. दोन्ही ब्रेकच्या तारा डाव्या हाताच्या एकाच दांडीला आणल्या होत्या, म्हणजे उजव्या हाताला जोर लावायला नको. दांडी दाबली की मोटर आपोआप बंद. सगळं तयार होतं. फक्त द्यायचा धीर होत नव्हता.

"ऑटोनं येता ना रोज? त्यो ऑटोवाला फुकट आनतोय तुम्हाला," सर म्हणाले.

"हाँ. और रोज रोता है. उसके आँसू से तो ये गाडी अच्छी."

आम्ही रस्त्यावर आलो. सर सायकलीचं कॅरिअर धरून म्हणाले, "पहिल्या दिवशी मी सोबत पळतो." सत्तरीला टेकलेला माणूस, छातीवर ट्यूबच्या पट्ट्या, पायात चपला. रझाकभाईंनी मोटर सुरू केली. दहा पावलं सर नीट पळाले. पुढची दहा कशीतरी. एक चप्पल सुटून मागं राहिली. काकू दारातून ओरडल्या, "अहो, सोडा त्यांना! तुमची मोटर जळंल!"

सरांनी कॅरिअर सोडलं.

सायकल गल्लीच्या टोकाकडं गेली. पंचवीसही नसेल वेग, पण सरांच्या चेहऱ्याकडं बघून वाटत होतं, की ती तोफेतून सुटलीय. गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत ते बघत होते. कोपऱ्यावर शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. रझाकभाईंचा डावा हात आवळला. सायकल पोरांच्या बऱ्याच अलीकडं, जणू रोजचीच सवय असावी तशी उभी राहिली.

"थांबली," सर म्हणाले. मग माझा हात धरून हलवायला लागले. "मॅडम, थांबली! बगितलं का, काय बेस काम करतोय ब्रेक!"

रझाकभाईंनी ते तिथून ऐकलं. एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी मान वळवली.

"अजी सर, ब्रेक का क्या है! ब्रेक तो उस दिन भी था." आणि पोरं जाईपर्यंत दोन्ही हात हँडलवर ठेवून ते तसेच उभे राहिले.